डोंगरावरची लालेलाल धायटी

मार्चमधला रविवार. बाइक काढलीय, पन्हाळ्यावर जाऊन झुणका-भाकरी हाणायचा प्लॅन पक्का आहे. यंदा एक करा. घाटात एखाद्या वळणावर गाडी थांबवून समोरच्या उतारावर नजर टाका. गवत वाळून कोळ झालेलं, दगड तापलेले, आणि मध्येच एक झुडूप फांद्याफांद्यांतून लालेलाल! हीच आपली धायटी. संस्कृतात धातकी.

फूल जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं. त्यातली लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेतच, तो निदलपुंज. खऱ्या पाकळ्या शोधाव्या लागतात. म्हणूनच फूल वाळलं तरी लाली जात नाही. मेंदी आणि आपलं राज्यफूल तामण हे हिचे भाऊबंद. फुलात मध असतो. शिंजीर त्यावर तुटून पडतात, आणि रानातली पोरंही फुलं चोखतात.

खरी गंमत मात्र आजीच्या कपाटात आहे. द्राक्षारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारी आसव... बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, धातकी सापडेल. फंडा असा, की गार झालेल्या काढ्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बंद करतात आणि महिनाभर ठेवून देतात. फुलांसोबत आलेलं यीस्ट गोडावर ताव मारतं, अल्कोहोल तयार होतं. औषधी गुण त्यात उतरतात आणि औषध टिकतंही त्यामुळेच. आजी जेवणानंतर दोन चमचे काय घ्यायची, कळलं ना? (तिला सांगू नका!)

फुलांत टॅनिन भरपूर. त्यामुळे कापड रंगवायला ती वापरत, जुलाबावर वैद्य त्यांचं चूर्ण देत. घरी प्रयोग नकोत.

घोळ असा, की हिच्या बहराचा आणि वणव्यांचा मोसम एकच. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, या समजुतीनं डोंगर पेटवले जातात. कधी आपल्यापैकीच कुणाची सिगारेटही पुरते. धायटी चिवट, बुंध्यातून पुन्हा फुटते. पण फुलंच जळाली तर बी कुठून येणार? बाजारातली फुलंही बहुतेक रानातूनच येतात, आणि फांद्या ओरबाडून नेल्या तर तीच गत.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळेपर्यंत बहर ओसरायला लागलेला असतो. त्याआधीचा एखादा रविवार गाठा. सकाळी लवकर निघा, शिंजीर तेव्हाच फुलांवर असतात.