चिमटीतला धागा, वाटीतलं वरण

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून सिकंदरा रोडला वळलं की लेडी आयर्विन कॉलेज लागतं. नाव व्हाइसरॉयच्या पत्नीचं असलं, तरी या कॉलेजाचं मूळ पुण्यात आहे. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या आणि चर्चेचा विषय होता मुलींचं शिक्षण. पुढचं अधिवेशन १९२८ मध्ये दिल्लीला झालं. त्यानंतर शिक्षणासाठी निधी उभा राहिला आणि १९३२ मध्ये कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत मुली होत्या अकरा.

त्या काळी मुलीला कॉलेजात घालायचं, तर घरच्यांना पटेल असं कारण लागे. घर नीट चालवता येईल, हे कारण पटण्यासारखं होतं. महिला परिषदेच्या मनात मात्र आणखीही काही होतं. मुलींच्या शाळांना शिकलेल्या शिक्षिका हव्या होत्या आणि त्या घडवायला चांगलं ठिकाण हवं होतं. हे काम अंगावर घेतलं कोलकात्याच्या हॅना सेन यांनी. १९४७ पर्यंत त्या प्राचार्य होत्या. फाळणीनंतर निर्वासित स्त्रियांच्या पुनर्वसनात त्या उतरल्या आणि १९५२ मध्ये राज्यसभेत गेल्या. गृहविज्ञान म्हणजे चार भिंतींतलं शिक्षण असं ज्यांना वाटतं, त्यांनी या बाईंची वाटचाल जरूर पाहावी.

१९५० मध्ये कॉलेज दिल्ली विद्यापीठाशी जोडलं गेलं. गृहविज्ञानाची बी.एस्सी. सुरू झाली आणि ‘स्वयंपाक-शिवणाचं कॉलेज’ या हिणवण्याला पदवीनेच उत्तर मिळालं. हिणवणं काही थांबलं नाही, पण अभ्यासक्रमात रसायनशास्त्र होतं, शरीरशास्त्र होतं आणि प्रॅक्टिकलची जर्नलं होती. ती वेळेवर पुरी करताना मुलींची आणि तपासताना बाईंची रात्र होत असे.

वस्त्रशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक साधा प्रयोग बघा. कापडातून एक धागा काढायचा, चिमट्यात धरायचा आणि ज्योतीजवळ न्यायचा. सुताचा धागा भसकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे बोटाने उडून जाईल अशी करडी राख राहते. लोकर रखडत जळते आणि केस जळल्यासारखा वास सुटतो. रेशमाचाही वास तोच, पण मागे चुरडता येईल असा काळा मणी उरतो. नायलॉन आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो, तो नखाने फुटत नाही. दुकानदाराने ‘प्योर सिल्क’ म्हणून गळ्यात मारलेली साडी अस्सल आहे का, हे या पोरी एका धाग्यावरून सांगू शकत. डागांचंही तसंच. आयोडिनचा डाग हायपोने का जातो, हे समीकरण मांडून शिकवलं जाई. लेडी आयर्विनच्या दुर्गा देऊळकर यांचं ‘हाउसहोल्ड टेक्स्टाइल्स अँड लॉन्ड्री वर्क’ दिल्लीच्या आत्माराम अँड सन्सने छापलं आणि ते देशभरच्या होम सायन्सच्या मुलींनी वर्षानुवर्षं वापरलं. आडनाव पाहून मराठी वाचकाला आनंद होईलच, पण पुस्तकाचं मोल त्याहून मोठं आहे. धुणं ही गोष्ट गांभीर्याने लिहिण्याजोगी आहे, हे त्याने दाखवून दिलं.

आहारशास्त्रातलं अवजार म्हणजे वाटी. आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, हे समोरच्या बाईला विचारायचं. ती ‘वाटीभर वरण’ म्हणाली की ती वाटी केवढी, वरण घट्ट की पातळ, त्यात डाळ किती, हे काढायचं. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं १९७१ चं ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ उघडायचं आणि ओळीवर बोट ठेवून प्रथिनं, लोह, कॅल्शियम मांडत जायचं. २०१७ मध्ये नवी कोष्टकं आली, आता सॉफ्टवेअरही आहे. पण ‘सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते खाल्लं’ असं एखादी बाई सांगते, तेव्हा ते लिहायला कोष्टकात रकाना नसतो. चांगल्या शिक्षिका ते वाक्य वहीच्या कडेला लिहून ठेवायला सांगत आल्या आहेत, आणि या शिक्षणाचा गाभा तिथेच आहे.

बालविकासाच्या मुलींची परीक्षा याहून अवघड. राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाचं बाल अध्ययन केंद्र कॉलेजच्याच आवारात आहे. तिथे बसून फक्त बघायचं. ‘मूल चिडलं’ असं लिहिलं की लाल रेघ येते. ठोकळा फेकला, पाय आपटले, दाराकडे बघितलं, असं लिहायचं. दिसलं ते आणि वाटलं ते, यांत फरक करायला अख्खं सत्र जातं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. वर्गात शिकलेल्या या बारकाव्यांना तिने मोठं मैदान दिलं. अंगणवाडीतली मुलं, गरोदर बायका आणि त्यांचा आहार हे सगळं अभ्यासक्रमात होतंच, आता त्याचं कामही होतं. तोवर दिल्ली विद्यापीठात दुसरी संस्थाही उभी राहिली होती. १९६१ मध्ये सुरू झालेली ही इन्स्टिट्यूट ऑफ होम इकॉनॉमिक्स आज हौज खासला आहे.

नावाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. ‘होम’ म्हटलं की बाई, हे समीकरण या विषयाच्या मानगुटीवर बसलेलं. एनसीईआरटीने २००९ मध्ये अकरावीचं पुस्तक काढलं ते ‘ह्यूमन इकॉलॉजी अँड फॅमिली सायन्सेस’ या नावाने, मुलगे आणि मुली दोघांसाठी. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठातलं गृहविज्ञान महाविद्यालयही आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालं आहे.

पुस्तक मुलग्यांच्या हाती आलं खरं. पण लेडी आयर्विन काय किंवा हौज खासची संस्था काय, दोन्ही महिला महाविद्यालयं. अकरावी-बारावीत हा विषय आवडीने शिकलेल्या दिल्लीतल्या मुलग्याला याच विषयाच्या पदवीसाठी या दोन्ही ठिकाणी आजही प्रवेश नाही.