ग्लायडरमधलं जीपीएस: अँटेना स्वस्त बघावा की योग्य?

मोहाडी : वैनगंगेची रेती वाहणाऱ्या टिप्परवर जीपीएसचा डबा असतो, हे आपल्या तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गाडी कुठे आहे हे तो डबा सतत कळवत राहतो. आकाशात उडणाऱ्या विमानातही असंच यंत्र असतं. पण टिप्परचा ठावठिकाणा चुकला तर फार तर दंड किंवा चौकशी होईल. आकाशात चुकला तर थेट टक्कर होऊ शकते.

शेजारच्या गोंदियात बिरसी विमानतळावर वैमानिक घडवले जातात. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. आपल्या घरातलं एखादं मूल उद्या वैमानिक किंवा विमान दुरुस्तीचा अभियंता व्हायचं म्हणालं, तर आई-वडिलांनाही या गोष्टी थोड्याफार माहीत असाव्यात, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

ग्लायडर म्हणजे काय?

ग्लायडर हे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवरच्या विंचने दोर ओढून किंवा दुसऱ्या विमानाने खेचून ते वर नेतात. उन्हाळ्यात घार पंख न हलवता गोल गोल वर चढते ना, तसंच ग्लायडरही गरम हवेच्या झोतात फिरत उंची गाठतं. आवाज नाही, अंग बारीक, रंग बहुधा पांढरा. त्यामुळे दुसऱ्या वैमानिकाला ते दिसणं फार अवघड.

२८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात एक छोटं जेट विमान आणि एक ग्लायडर यांची हवेत टक्कर झाली. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली उपस्थिती कळवणारं यंत्र होतं. पण बॅटरी वाचावी म्हणून वैमानिकाने ते बंद ठेवलं होतं. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, जेटही कसंबसं जमिनीवर आलं. नशीब बलवत्तर म्हणून सगळे वाचले. तिथे यंत्र बंद होतं. पण यंत्र चालू आहे आणि जागाच चुकीची सांगतंय, असं झालं तर? तिथेच अँटेनाचा प्रश्न येतो.

अँटेना इतका महत्त्वाचा का?

आजकाल ग्लायडरमध्ये फ्लार्म किंवा एडीएस-बी ही यंत्रं बसवतात. दोन्ही आपली जागा जीपीएसवरून घेतात आणि रेडिओने आजूबाजूच्या विमानांना कळवतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की मध्ये धातूचा पत्रा आला तरी तो अडतो. जागा आणि उंची नीट काढायला एका वेळी निदान चार उपग्रह पकडावे लागतात. शिवाय गरम हवेत फिरताना ग्लायडर एका अंगावर चांगलंच कलतं, त्याबरोबर अँटेनाही कलतो आणि एका बाजूचं आकाश त्याला नीट दिसत नाही.

निवडताना काय बघावं?

पहिली गोष्ट, ग्लायडर कशाचं बनलंय. लाकूड आणि फायबरग्लास यांतून सिग्नल जातो. कार्बन फायबर आणि धातू त्याला अडवतात. म्हणून कार्बनच्या ग्लायडरमध्ये अँटेना आत लपवून चालत नाही. पारदर्शक छताखाली, डॅशबोर्डच्या वरच्या भागावर, आकाशाकडे तोंड करून बसवणं बरं.

दुसरी गोष्ट, अँटेना साधा की अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्हमध्ये सिग्नल वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. केबल लांब असेल तर तोच घ्यावा, कारण बारीक केबलमध्ये दर मीटरला सिग्नल कमी होत जातो. मात्र त्याला यंत्राकडून वीज मिळते, कुठे ३.३ व्होल्ट, कुठे ५ व्होल्ट. दोन्हींचा मेळ बसतो का, हे आधी तपासावं. चौकोनी चपट्या अँटेनाखाली धातूची छोटी पट्टी लागते का, तेही यंत्राच्या माहितीपत्रकात बघावं.

तिसरी गोष्ट, चुंबक. गाडीसाठी मिळणाऱ्या स्वस्त अँटेनाच्या तळाशी बहुधा चुंबक असतं. टिप्परच्या टपावर ते सोयीचं, पण ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये होकायंत्राजवळ ठेवलं तर होकायंत्रच चुकीची दिशा दाखवतं. एक चूक टाळायला गेलो आणि दुसरी करून बसलो, असं व्हायला नको.

चौथी गोष्ट, शेजार. रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि फ्लार्म यांच्या अँटेनांपासून जीपीएसचा अँटेना होईल तितका लांब असावा. एकाच अँटेनावर दोन यंत्रं नुसत्या जोडणीने चालवू नयेत. दोन्ही यंत्रं त्यात वीज सोडतात. त्यासाठी वेगळा स्प्लिटर लागतो.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मान्यता. एडीएस-बी यंत्र जागेसोबत तिचा दर्जाही कळवतं. जागा देणारा जीपीएस प्रमाणित नसेल, तर काही मोठ्या विमानांतली यंत्रणा ती माहिती विचारातच घेत नाही. म्हणजे आपल्याला वाटतं आपण दिसतोय, आणि समोरच्याला आपण दिसतच नाही. म्हणून यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेला अँटेनाच घ्यावा आणि तो परवानाधारक अभियंत्याकडूनच बसवून घ्यावा. हे काम घरच्या घरी करायचं नाही.

बसवल्यावर तपासणी

हँगरच्या पत्र्याखाली तपासून उपयोग नाही, ग्लायडर मोकळ्या मैदानात आणावं. सगळी यंत्रं एकेक करून चालू करावीत. एखादं सुरू करताच पकडलेल्या उपग्रहांची संख्या घसरली, तर अडथळा कुठून येतोय ते कळतं. मग पहिल्या उड्डाणाची नोंद संगणकावर बघावी. वळताना रेघ तुटत असेल, तर अँटेनाची जागा बदलायची. बहुतेक वेळा महागडा अँटेना घ्यायची गरजच पडत नाही, जागा बदलली तरी काम होतं.

कोणतंही यंत्र बसवलं तरी वैमानिकाने बाहेर डोळे लावून बसणं सुटत नाही. पण यंत्र लावायचंच, तर ते खरं सांगणारं असावं. त्याच्या भरवशावर समोरून कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी उडत येत असते. तेव्हा चार पैसे वाचवताना एवढं ध्यानात असू द्या.