ऐकू येतं, पण कळत नाही

जुहूच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी साडेअकराला आम्ही सहा जण बसलो होतो. कारंजाहून आलेले माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, त्यांची मुंबईत स्थायिक झालेली मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि मी. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्यावर वाशिम जिल्ह्यातून मुंबईला जाणं बरंच सोपं झालं आहे. ‘बाबा, या की एकदा’ हे लेकीचं जुनं बोलावणं त्यामुळे अखेर मनावर घेतलं गेलं. आल्यावर तिने हौसेने सगळ्यांना ‘ब्रंच’ला नेलं.

नाश्ता आणि जेवण यांच्या मधली ही पंगत. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये तिची वकिली करणारा एक लेख लिहिला होता. या जेवणाने माणसं मोकळी होतात, गप्पांना रंग चढतो, असा त्याचा दावा होता. त्या बिचाऱ्याने आजचं हॉटेल पाहिलं नव्हतं. आम्ही बसलो होतो तिथे छत सिमेंटचं, जमीन चकचकीत फरशीची, समुद्राच्या बाजूला काचेची भिंत. स्वयंपाकघर उघडं. टेबलांवर कापड नाही. वर गाणी, शेजारच्या टेबलावर वाढदिवस. मी मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजला, तर आकडा ८४ ते ८८ डेसिबलच्या मध्ये नाचत होता. मोबाइलचं मोजमाप ढोबळ असतं हे खरं, पण समोरासमोरच्या साध्या बोलण्याचा आवाज साधारण ६० असतो, एवढं लक्षात घेतलं तरी फरक कळतो.

मोठेबाबा हसतमुख बसले होते. अंड्यावर दोनदा मीठ घातलं, पाव बाजूला ठेवला. मध्येच ताई त्यांच्याकडे वाकून बराच वेळ काहीतरी बोलली. त्यांनी मान डोलावली, ‘‘हो, हो. चालते.’’ ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जुन्या आठवणी निघाल्या असतील.

पंधरा दिवसांनी कारंजाला फोन आला. घराला भाडेकरू मिळाला आहे, सामान कधी हलवायचं? आई गेल्यापासून तुम्ही एकटेच आहात, कारंजाचं घर भाड्याने देऊ आणि तुम्ही कायमचे आमच्याकडे या, असं ताईने त्या टेबलावर विचारलं होतं. आणि बाबा हो म्हणाले होते. मोठेबाबा फोनवर ओरडलेच, ‘‘मी कवा हो म्हनलो?’’ चार दिवस बापलेकीत अबोला. ताईचं म्हणणं, बाबा शब्द फिरवतात. मोठेबाबांचं म्हणणं, असं काही विचारलंच नव्हतं. मी मध्ये पडलो तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘‘तिथं लय गलबला होता बापा. आयकू येत होतं, पन काय म्हनते ते समजत नोतं. किती डाव विचारू?’’

‘ऐकू येतं, पण कळत नाही’ हे वाक्य कान-नाक-घसा तज्ज्ञ रोज ऐकत असतील. घरी मात्र आपण त्याचा अर्थ लावतो की म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

हे का होतं, ते मराठीतच पाहू. ताट, पाट, काठ हे शब्द घ्या. तिन्हींत ‘आ’ ठणठणीत आहे. स्वरांमध्ये जोर असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. अर्थ वेगळा करणारे त, प, क मात्र क्षणभराचे आणि दुबळे. स, श, च, फ यांचा तर बराचसा भाग वरच्या पट्टीतल्या सळसळीचा. आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात साधारण १५ ते १६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी त्या शंखाच्या तोंडाशीच बसलेल्या, आणि वयाने किंवा गोंगाटाने त्याच आधी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वय झालेल्या कानाला बोलण्याचा आवाज पुरेसा मोठा लागतो, पण त्याच्या कडा झिजलेल्या असतात. घरात, शांततेत, मेंदू संदर्भावरून ताट की पाट ते ओळखून घेतो. गोंगाटात तो आधारही जातो.

मोठेबाबांनी तीस हंगाम कारंजाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काढले. सरकी सोडवणाऱ्या यंत्रांच्या रांगेत उभं राहून माणसं खुणांनीच बोलायची, हे त्यांनी मला लहानपणी गमतीने सांगितलेलं. कानात कापसाचा बोळा घालत होतात का, असं मी आता विचारलं. अवतीभवती कापसाचे ढीग असून कानात कोणी घातला नव्हता. घातला असता तरी साध्या बोळ्याने फारसं भागत नाही, त्यासाठी वेगळे इअरप्लग लागतात.

पण सगळा दोष कानाचा नाही, हे मला त्या रविवारीच दिसलं होतं. मला उशिरा कळलं इतकंच. जेवण आटोपून आम्ही समोर वाळूवर गेलो. लाटांचा आवाज होता, भेळवाले ओरडत होते, पोरं खेळत होती. तिथे मोठेबाबा तासभर बोलले. तुरीचे भाव, शेजाऱ्याची बोअर, नातवाची शाळा. एकदाही ‘काय?’ म्हणाले नाहीत. तेच कान, तोच माणूस.

फरक छताचा. वाळूवर तोंडातून निघालेला आवाज एकदा कानाशी येतो आणि उरलेला आकाशात जातो. हॉटेलात तो फरशी, काच, सिमेंट यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा येतो, आणि आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. ही गोष्ट मोजायला शिकवली वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्याला एक नवं व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितलं. तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त काळ घुमत राहायचा. सॅबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, एकेक वाढवत घुमण्याचा काळ मोजायचा आणि उजाडण्याआधी त्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरलं जातं.

त्या सूत्राने एक हिशेब करून पाहा. ५० फूट लांब, ३३ फूट रुंद, १३ फूट उंच हॉल, सगळं सिमेंट, काच, फरशी, आत साठ माणसं. आवाज विरायला साधारण सव्वादोन सेकंद लागतील. एवढ्यात आपण पाच-सहा शब्द बोलून जातो. आता फक्त छताला आवाज शोषणारे जाड तक्ते लावा. हा काळ पाऊण सेकंदाच्या खाली येतो आणि खोलीतला गोंगाट ५ डेसिबलच्या आसपास उतरतो.

प्रत्यक्षात तो त्याहून जास्त उतरू शकतो, कारण माणसं ओरडायची कमी होतात. एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिलं की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. बहिरेपणाचं सोंग ओळखायला तो ही युक्ती वापरायचा. कानात गोंगाट सोडला आणि बोलण्याचा आवाज चढला, की समजायचं कान चालू आहे. हॉटेलात प्रत्येक टेबल शेजारच्यावर मात करायला बघतं, मग शेजारचं त्याच्यावर. त्यात कोणीतरी गाणी मोठी करतो.

गाणी मोठी का करतात, यालाही उत्तर आहे. फ्रान्समधल्या दोन बारमध्ये संगीताचा आवाज ७२ डेसिबलवरून ८८ वर नेऊन एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मोठ्या आवाजात पुरुष ग्राहक बियर जास्त आणि भराभर प्यायले. एका ग्लासाला लागणारा वेळ साडेचौदा मिनिटांवरून साडेअकरावर आला. प्रयोग छोटा होता, ग्राहक चाळीसच. पण हॉटेल चालवणाऱ्याला हा अनुभव शास्त्रज्ञाने सांगावा लागत नाही. गजबज म्हणजे जागा चालते, असा गिऱ्हाइकाचाही समज असतो.

आणि ते मीठ? २०११ मधल्या एका अभ्यासात कानावर मोठा गोंगाट सोडला असता खाणाऱ्यांना पदार्थातला गोडपणा आणि खारटपणा दोन्ही कमी वाटले. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विमानाच्या आवाजात, ८५ डेसिबलला, केलेल्या प्रयोगात गोड फिकं झालं, पण टोमॅटोत असते ती उमामी चव उठून लागली. खारटावर मात्र तिथे परिणाम दिसला नाही. तेव्हा मोठेबाबांनी दोनदा मीठ घातलं ते गोंगाटामुळे की अंडंच अळणी होतं म्हणून, हे मी ठामपणे सांगणार नाही. (माझ्या अंड्यात मीठ बरोबर होतं.) जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी नस मधल्या कानातून, पडद्याला लागूनच जाते, हे मात्र खरं.

अशा दीड तासाने कान जातात का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात आठवड्याला ८० डेसिबल ४० तास चालतात, ८५ डेसिबल साडेबारा तास, ९० असतील तर फक्त चार तास. आपण खाऊन बाहेर पडतो. पण त्या दिवशी आम्हाला वाढणारा मुलगा तिथे दिवसाचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस उभा असतो. आवाज खरोखरच ८५ असेल तर त्याचा आठवड्याचा कोटा दुसऱ्या दिवशीच संपतो. जिनिंगमध्ये मोठेबाबा होते, तिथे आज तो आहे, फक्त अंगावर काळा टी-शर्ट आहे.

मुंबईला नावं ठेवून आपण सुटत नाही. आपल्याकडे मंगल कार्यालयांवर पत्र्याचं छत आणि खाली फरशी, त्यात बँड किंवा डीजे. मागचं आठवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली सात-आठ वर्षं मोठेबाबा लग्नाच्या पंगतीत कोणाशी बोलतच नसत. पटापट जेवायचे आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. आम्ही म्हणायचो, मोठीआई गेल्यापासून विरक्त झाले. ती गेली पाच वर्षांपूर्वी. लिंबाखाली बसणं त्याच्या आधीपासूनचं आहे.

न ऐकू येणारा माणूस असा हळूहळू बाजूला सरकतो. ‘काय?’ दोनदा विचारता येतं, तिसऱ्यांदा मान डोलावणं सोपं. बँकेत, डॉक्टरांपुढे, तलाठ्यापुढेही हेच होत असणार, आणि गोळी दिवसातून एकदा की तीनदा, हा तिथला प्रश्न असतो. मध्यम वयातला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवणाऱ्या, पण आटोक्यात ठेवता येणाऱ्या कारणांपैकी एक आहे, असं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नोंदवलं आहे. म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला तो होतो असं मुळीच नाही. पण ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देण्याचीही ही गोष्ट नाही.

मोठेबाबांना आम्ही कान दाखवायला नेलं. आधी दोन्ही कानांतून मळ निघाला, बराच. मग श्रवणतपासणी. आलेखाची रेघ खालच्या पट्टीत जवळपास ठीक आणि वरच्या पट्टीत धाडकन घसरलेली. तपासणी बंद, शांत खोलीत होते. त्यामुळे कधीकधी अहवाल बरा येतो आणि तक्रार तशीच राहते. म्हणून डॉक्टरांना ‘कमी ऐकू येतं’ एवढंच न सांगता ‘चार माणसांत बोललेलं कळत नाही’ असं सांगा, गोंगाटात शब्द ओळखण्याची वेगळी चाचणी असते. कानामागचं यंत्र घेतलं तर ते समोरच्याचा आवाज जास्त उचलणारं आहे का, हे विचारा आणि काही दिवस वापरून पाहायला मागा. पैशांची अडचण असेल तर पासष्टीच्या पुढच्यांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांना तीन हजार रुपये मिळतात, उत्पन्नाची अट आहे. त्यात चांगलं यंत्र येत नाही, हेही सांगायला हवं.

बाकी यंत्राशिवाय करण्यासारखं बरंच आहे. हॉटेलात गेलात तर म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गलका कमी होतो. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ओठांवरून बरंच कळतं. तीन फुटांवरून दीड फुटावर आलात तर तुमचा आवाज त्यांच्या कानाशी ६ डेसिबलने वाढतो, ओरडायची गरज नाही. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, त, प, क तिथेच राहतात. आणि घर विकणं, भाड्याने देणं, सोयरीक, असलं काही तिथे काढू नका.

ताई दिवाळीला कारंजाला आली. ओसरीवर गाद्या टाकलेल्या, टीव्ही बंद. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, समोर बसून, सावकाश. मोठेबाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘घर भाड्यानं द्याचं नाई. उन्हाळ्याचे दोन महिने येतो तुह्याकडं.’’ ताई पुन्हा रडली, पण भांडली नाही. यंत्र ते घरी लावतात. बाजारात जाताना अजूनही डबीत काढून ठेवतात. तिथे भांड्यांचा आवाज फार टोचतो म्हणतात, तेव्हा ते पुन्हा जुळवून घ्यायला पुढच्या आठवड्यात जायचं आहे.