मायनस दोन म्हणजे नेमकं किती?

डोळे तपासून झाले की हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर स्फेरिकल, सिलिंड्रिकल, अ‍ॅक्सिस असे रकाने असतात आणि त्यांत -2.00, -0.75, 180 असले आकडे. आपण ती घडी करून चष्म्याच्या दुकानात देतो आणि फ्रेम निवडायला लागतो. खरं तर आपल्या डोळ्याचं दुखणं आणि त्यावरचा इलाज, दोन्ही त्या कागदावर मापासकट लिहिलेले असतात. दहावीच्या विज्ञानाच्या बळावर ते वाचता येतात, आणि प्रत्येकाला वाचता यायला हवेत.

हवेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर धावतो, तर साध्या काचेत 2 लाखांच्या आसपास. काचेवर तो काटकोनात पडला तर नुसता मंदावतो. तिरका पडला, की लहरीची एक कड आधी काचेत शिरून मंदावते आणि दुसरी कड अजून हवेत वेगानं जात असते. या फरकामुळे लहर वळते. हे वळणं पृष्ठभागावरच घडतं, काचेच्या पोटात प्रकाश सरळच जातो. म्हणून भिंगाचा आकार म्हणजे मुळात त्याच्या दोन पृष्ठभागांचा उतार. मध्यभागी फुगीर असलेल्या बहिर्वक्र भिंगात हा उतार मध्यापासून कडेकडे वाढत जातो, त्यामुळे कडेचे किरण जास्त वळतात आणि सगळे एका बिंदूत भेटतात. मध्ये पातळ आणि कडेला जाड असलेलं अंतर्वक्र भिंग याच्या उलट किरण फाकवतं.

किरण किती अंतरावर भेटतात, ते सांगतो नंबर. एकाला मीटरमधल्या नाभीय अंतरानं भागलं की डायॉप्टर मिळतात. प्लस एकचं भिंग दूरचा प्रकाश 1 मीटरवर गोळा करतं, प्लस दोनचं 50 सेंटिमीटरवर, प्लस चारचं 25 वर. घरात वाचायचा प्लस दोनचा चष्मा असेल तर दिवसा खिडकीसमोर तीन मीटरवर उभे राहा, चष्मा तिच्याकडे धरा आणि त्यामागे साधारण 60 सेंटिमीटरवर पांढरा कागद न्या. कागदावर खिडकीचं उलटं, लहानसं चित्र उमटेल.

मायनस नंबरचा अर्थ तर त्याहून थेट आहे. मायनस दोन म्हणजे त्या माणसाला चष्म्याशिवाय 50 सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. त्याचा डोळा प्रकाशाला गरजेपेक्षा जास्त वळवतो, किंवा डोळाच जरा लांब असतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. अंतर्वक्र भिंग दूरच्या झाडाची प्रतिमा आणून त्या 50 सेंटिमीटरवर ठेवतं. मायनस दोनचे आजोबा पेपर वाचताना चष्मा काढून ठेवतात, त्याचंही कारण हेच.

डोळ्याची स्वतःची शक्ती सुमारे 60 डायॉप्टर असते आणि तिचा दोनतृतीयांश वाटा आतल्या भिंगाचा नसून पुढच्या पारदर्शक पारपटलाचा असतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे. पाण्यातला आणि पारपटलातला प्रकाशाचा वेग जवळपास सारखा असल्यानं तिथे किरण वळतच नाहीत आणि सगळं पुसट होतं.

चिठ्ठीतला सिलिंड्रिकल नंबर लोकांना सर्वांत गूढ वाटतो. पारपटलाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली, की उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. त्यावर एकाच दिशेनं वाकवलेलं दंडगोल भिंग लागतं आणि ते कोणत्या कोनात बसवायचं, ते अंशांत सांगतो अ‍ॅक्सिस. 1825 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच्या डाव्या डोळ्याचा हा दोष मोजला आणि तसं भिंग घडवून घेतलं. आज कोट्यवधी लोक वापरतात तो हा उपाय. चष्म्याची दांडी वाकून भिंग फिरलं की अ‍ॅक्सिसही फिरतो, म्हणून वाकडा चष्मा तसाच रेटू नये.

चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. यावरचं प्रोग्रेसिव्ह भिंग फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ यांनी घडवलं आणि ते 1959 मध्ये बाजारात आलं. त्यात वरून खाली शक्ती हळूहळू वाढत जाते. दोन्ही बाजूंना थोडं धूसर दिसतं, ही कारागिराची चूक नाही. शक्ती अशी अखंड बदलायची तर बाजूंना दंडगोल दोष येणारच, ही भूमितीची अट आहे. महाग भिंगात तो कमी जाणवतो, नाहीसा मात्र होत नाही.

दुकानात ‘हाय इंडेक्स’ घ्या म्हणतात, तेव्हाही आपला नंबर आठवावा. प्रकाशाला जास्त मंदावणाऱ्या या प्लॅस्टिकला कमी वक्रता पुरते, म्हणून भिंग पातळ होतं. पण ते रंगही जास्त वेगळे करतं आणि कडेनं पाहिलं तर वस्तूंना रंगीत किनार दिसू शकते. मायनस सहाला त्याचा मोठा फायदा आहे. मायनस दीडला, लहान फ्रेममध्ये, माझ्या मते तो खर्च वाया जातो.

आपल्या चष्म्यात काय बसवलंय, ते घरीच पाहता येतं. चष्मा डोळ्यांपासून वीतभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघा आणि सावकाश बाजूला सरकवा. चौकट चष्म्याबरोबर सरकली तर भिंग मायनस, उलट दिशेनं सरकली तर प्लस. आता चष्मा चाकासारखा फिरवा. चौकटीची रेषा तिरकी होऊ लागली तर सिलिंड्रिकल आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र घरचे प्रयोग पुरेसे नाहीत. जन्मापासून धूसरच पाहणारं मूल तक्रार करत नाही, कारण जग तसंच असतं असं त्याला वाटतं. ते फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, डोळे बारीक करून टीव्ही बघत असेल, तर परीक्षेतल्या गुणांवरून त्याला बोलण्याआधी डोळे तपासून घ्या. नंबरची चिठ्ठी मागून घ्या आणि जपून ठेवा. वर्षभरानं नंबर किती वाढला, हे तिच्यावरूनच कळेल.