तिसऱ्या गठ्ठ्याची कैफियत

कचेरीतल्या स्वयंचलनाचा आढावा म्हटला की यंत्रांची वंशावळ सांगायची, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. पंचकार्ड, मेनफ्रेम, पीसी, एक्सेल, रोबो आणि आता एआय. प्रत्येक पिढी मागचीपेक्षा शहाणी, प्रत्येकीचे बारसे धुमधडाक्यात. मला या वंशावळीत फारसा रस नाही. उभी हयात हिशेबाच्या रुजवातीत गेल्यामुळे माझा प्रश्न एकच राहिला आहे: यंत्राला जे जुळवता आले नाही, त्याचे पुढे काय झाले?

तेव्हा सुरुवातीची पाने भराभर उलटू. हॉलेरिथच्या पंचकार्डांनी १८९० ची अमेरिकन जनगणना मोजली, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. आपल्याकडे साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकावरून कोलकात्यात कर्मचारी रस्त्यावर उतरले. पुढे केंद्र सरकारच्या ऑटोमेशन समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांकडे आले आणि १९७२ साली तिचा अहवाल निघाला. बँकांत कर्मचारी संघटनांशी १९८३ चा करार, १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल आणि मग टेबलाटेबलावर लेजर पोस्टिंगची यंत्रे. त्या काळच्या मोर्च्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात मी भर घालत नाही.

थांबावेसे वाटते ते चेकपाशी. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत जे आकडे असतात, त्यांतला नऊ अंकी संकेत शहर, बँक आणि शाखा सांगतो. मुंबईचे चेक ४०० ने सुरू होतात, पुण्याचे ४११ ने. ऐंशीच्या दशकात क्लिअरिंगला हे आकडे वाचणारी यंत्रे आली आणि चेकांचे ढीग वाचून बँकवार वेगळे करू लागली. पण त्या यंत्राला एक जादा कप्पा होता, रिजेक्ट पॉकेट. चुरगळलेला, शाई पुसलेला, टाचणीने भोसकलेला चेक तिथे जाऊन पडे आणि एखादा कारकून तो हातात घेऊन वाचे. यंत्र बनवणाऱ्याने आपल्या यंत्राचे अडाणीपण लपवले नव्हते, त्याला रीतसर जागा दिली होती. पुढे दिल्लीत २००८ मध्ये आणि मुंबईत २०१३ मध्ये चेकऐवजी त्याची प्रतिमाच फिरू लागली. ते सगळे छानच झाले, पण माझा जीव अडकला तो त्या कप्प्यात.

या कप्प्यामागे चोख गणित आहे आणि ते आमच्या धंद्यात फार थोड्यांनी वाचले आहे. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर या दोघांनी १९६९ साली नोंदी जुळवण्याचा सिद्धांत मांडला. दोन याद्या आहेत. एकीतला माणूस दुसरीत आहे का? त्यांचे म्हणणे असे की, याची उत्तरे तीन ठेवा. नक्की जुळते, नक्की जुळत नाही, आणि सांगता येत नाही. तिसरा गठ्ठा माणसाकडे द्या. किती टक्के चुका चालतील ते आधी ठरवा, त्यावरून तिसरा गठ्ठा केवढा होईल ते ठरते. चुका कमी हव्यात तर गठ्ठा फुगणार. गठ्ठा नकोच म्हणाल तर चुका पोटात घ्याव्या लागणार. आज पन्नासहून अधिक वर्षे झाली, कोणत्याही एआयवाल्याने हा हिशेब खोटा पाडलेला नाही.

आपल्या नावांवर हा सिद्धांत चालवून पाहण्याचा मला छंदच जडला. साउंडेक्स नावाची एक जुनी पद्धत आहे. तिचे पहिले पेटंट १९१८ चे. ती नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे उच्चारानुसार आकडे करते. इंग्रजी स्पेलिंगमधला चौधरी तिच्या तावडीतून सुटत नाही. मधले स्वर कसेही लिहा, शेवटी आय लावा की वाय, संकेत एकच येतो. पण वाघ मात्र निसटतो. कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने, आणि पहिले अक्षर बदलले की साउंडेक्सच्या लेखी माणूसच बदलला. वैद्य, वाणी, वाडेकर, सगळ्यांची हीच गत. त्यात आपल्याकडे आडनाव कधी आधी तर कधी शेवटी, मध्ये वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे. अक्षरांची अदलाबदल मोजणारी लेव्हेनश्टाइनची पद्धत वाघाला पकडते, पण त्याच झपाट्यात माने आणि मानेला एक करून ठेवते, म्हणजे एका गावच्या दोन वेगळ्या मान्यांना. पुरवठादारांची यादी साफ करायची तर आधी अशी नावे आणि पत्ते हाताने चाळावे लागतात. ‘मारुती मंदिराच्या मागे’ हा पत्ता असलेले किती कारखानदार भोसरीत निघतात, ते ज्याने यादी केली आहे त्यालाच कळेल.

एक्सेलबद्दल लिहिताना हात आखडता घेतो, कारण त्याचे भक्त आणि टीकाकार दोघेही चिडतात. मॅक्रोंनी आमच्या पिढीचे हात मोकळे केले हे खरे. पण एक्सेलला तिसरा गठ्ठा माहीत नाही. जे मावत नाही ते ते गिळते. इंग्लंडच्या आरोग्य खात्यात २०२० च्या शरद ऋतूत जुन्या प्रकारच्या फाइलीत रुग्णांची माहिती ओतली जात होती. त्या फाइलीच्या पानाला ६५,५३६ ओळींची मर्यादा. सुमारे १६,००० कोरोनाबाधितांच्या नोंदी त्या काठावरून खाली पडल्या, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध तेवढा लांबला. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांशी नावसाधर्म्य असलेल्या मानवी जनुकांच्या संज्ञा एक्सेल तारखा समजून बदलत राहिले, तेव्हा त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरपुढे माणसाने नमते घेतल्याचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

रोबोंचा, म्हणजे पडद्यावर माणसासारखे क्लिक करत फिरणाऱ्या प्रोग्रामांचा, गाजावाजा मागच्या दशकातला. ब्लू प्रिझम ब्रिटनची, युआयपाथ मूळची बुखारेस्टची. वेबसाइटवरचे बटण दोन बोटे सरकले की हे रोबो आंधळे होत. पुढे जाऊ.

माझा खरा झगडा आहे तो ‘विनास्पर्श’ पंथाशी. परिषदांमधून ही मंडळी सांगतात की, बिल येण्यापासून पैसे जाण्यापर्यंत माणसाचा हात लागायला नको, हात लागला तर ते अपयश. त्यांनी ऑस्ट्रेलियाचा रोबोडेट वाचावा. करखात्याकडचे वर्षभराचे उत्पन्न घ्यायचे, पंधरवड्यांवर सरासरीने पसरायचे आणि भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याला सांगितलेल्या आकड्याशी ताडायचे. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकारी असलेला प्रामाणिक माणूस या हिशेबात लबाड ठरे. पूर्वी अशी तफावत निघाली की कर्मचारी ती तपासत. २०१६ पासून ती तपासणी काढून टाकली आणि निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे लोकांच्या डोक्यावर टाकले. लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. २०२३ मध्ये रॉयल कमिशनने सरकारचे वाभाडे काढले. यात एआयचा लवलेश नव्हता. होता तो साधा भागाकार आणि बंद केलेला तिसरा गठ्ठा.

उलट टोकाचे विरोधकही मला पटत नाहीत. ‘जुना कारकूनच बरा’ म्हणणाऱ्यांनी जुना कारकून पाहिलेला नसतो. महिनाअखेरीला बँकेचे पासबुक आणि आपली रोजकीर्द शेजारी ठेवून लाल पेन्सिलीने टिका मारणाऱ्या माणसाचे डोळे दुपारनंतर काहीही जुळवून घेत. शंभरातल्या नव्वद ओळी यंत्रानेच जुळवाव्यात, त्यात माणसाचे मन मारण्यात काही पुण्य नाही.

नव्या भाषिक प्रारूपांनी मात्र एक नवाच पेच आणला आहे. जुना स्कॅनर बिल वाचताना चुकला तर अगम्य काहीतरी लिही आणि चूक कुणाच्याही नजरेत भरे. नवे यंत्र पुसट अंक दिसला की शोभेलसा अंक बसवते. चूक नीटनेटकी, इस्त्री केलेली. तिसऱ्या गठ्ठ्यात जायचा कागद पहिल्या गठ्ठ्यात हसतमुखाने बसतो. यावर उपाय नाही असे नाही. जीएसटी क्रमांक पंधरा चिन्हांचा, आणि त्यातले शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने निघते. एक चिन्ह चुकले की ताळा बसत नाही. बिलाची बेरीज, कराचा दर, तारीख, सगळ्यांना असे ताळे लावता येतात. यंत्राने वाचावे आणि दुसऱ्या, मठ्ठ पण हट्टी नियमाने तपासावे, एवढीच माझी मागणी असते. विक्रेत्यांना ती जुनाट वाटते.

आणि जीएसटी म्हणजे तर तिसऱ्या गठ्ठ्याचे माहेरघर. पुरवठादाराने भरलेले आणि आपल्या वहीतले जुळले तरच कराची वजावट. जानेवारी २०२२ पर्यंत न जुळलेल्यासाठी काही टक्क्यांची सवलत होती. आधी वीस, मग दहा, मग पाच. आता शून्य. बिल क्रमांक एकाने नुसता ४५ लिहिलेला, दुसऱ्याने आर्थिक वर्ष जोडून. मार्चचे बिल एप्रिलमध्ये भरलेले. महाराष्ट्राच्या २७ ऐवजी त्याच कंपनीच्या गोव्याच्या ३० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर चढवलेले, म्हणजे वजावट पणजीत आणि खर्च पुण्यात. यातली प्रत्येक तफावत धंद्याबद्दल काहीतरी सांगते. आमच्या वेळी नव्या पोराला पहिले सहा महिने न जुळलेल्या नोंदींचे उचंत खातेच देत. कोण पुरवठादार आळशी, कोण दोनदा बिल पाठवतो, कोणत्या गोदामात माल आधी येतो आणि कागद नंतर, हे त्याला तिथेच कळे. आज तो गठ्ठा बाहेरच्या कंत्राटदाराकडे जातो आणि कचेरीतल्या तरुणांना डॅशबोर्डवरचा हिरवा टक्का दिसतो. हिशेब येणारी माणसे मिळत नाहीत अशी तक्रार मग तेच मालक करतात.

ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीच्या पोर्टलवर आलेल्या व्यवस्थेत येणाऱ्या प्रत्येक बिलासमोर तीन पर्याय आहेत: स्वीकारा, नाकारा, प्रलंबित ठेवा. फेलेगी आणि संटर यांना हे पाहून बरे वाटले असते. पण नियम असा की, काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते. साहजिकच बहुतेकांचे बोट कशालाच लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या कारखान्यात असे सॉफ्टवेअर विकायला आलेल्या तरुणाला मी विचारले, ‘प्रलंबित’ मध्ये पडलेली बिले उघडून कोण पाहणार? तो उत्साहाने म्हणाला, ‘काका, ती काळजीच नको. महिनाअखेरीला ती आपोआप स्वीकारून टाकायची सोय दिली आहे.’