कॅमेऱ्याला न दिसणारी भेग

घाटात दरड कोसळली की हल्ली पाठोपाठ ड्रोन येतो. कड्याचे फोटो निघतात, भेगा संगणक मोजणार असे सांगितले जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या आडोशी बोगद्यापाशी जुलै २०१५ मध्ये दरड आली, जुलै २०२३ मध्ये पुन्हा आली. म्हणूनच हे मोजणे कितपत खरे, हे विचारायला हवे.

तंत्र देखणे आहे, यात शंका नाही. वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले फोटो जुळवले की कड्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी राहते. भेगांची लांबी, त्यांच्यातले अंतर, कल, सारे दोरावर न लोंबकळता हाती येते. खाणीत सुरुंगानंतर पडलेल्या डबराचे आकारमानही असेच फोटोवरून काढतात. तिथे ढिगाखालचा चुरा दिसत नाही, म्हणून माल आहे त्याहून जाड वाटतो. पण थोडा ढीग चाळून चूक पकडता येते. कड्याला चाळणी कुठून लावणार?

इथे मला रूथ टेर्झागी आठवतात. मृदायांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी यांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख करून देणे अन्यायाचे आहे. त्या स्वतः भूवैज्ञानिक होत्या. १९६५ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की मोजणीच्या रेषेला काटकोनात जाणाऱ्या भेगा भरपूर सापडतात, तिरक्या कमी, समांतर जवळपास नाहीतच. रेषा आणि भेग यांच्यातला कोन तीस अंशांचा असेल तर निम्म्याच हाती लागतात. दहा अंशांचा असेल तर साधारण सहांतली एक. गणिताने ही तूट काही प्रमाणात भरून काढता येते. कोन फार लहान झाला की गणितही थकते. कोनांच्या त्या पट्ट्याला त्यांनी आंधळा म्हटले.

आपल्या सह्याद्रीत हे थेट लागू पडते. बेसाल्टला उभ्या भेगा असतात आणि रस्त्यासाठी घातलेला कापही जवळजवळ उभाच. कापाला समांतर असलेली भेग फोटोत रेघ म्हणून उमटतच नाही, ती दर्शनी शिळेच्या पाठीमागे असते. पावसाचे पाणी तिच्यातच साठते आणि शिळा रस्त्याकडे ढकलते. शिवाय काळ्या खडकावर सावली, ओल आणि भेग तिन्ही काळीच, त्यामुळे संगणक फसतो ते वेगळेच.

माझ्या मते केवळ समोरून घेतलेल्या फोटोंवर कुठलाही कडा सुरक्षित ठरवू नये. रस्ता वळतो तिथे कापही वळतो आणि सरळ भागात लपलेल्या भेगा त्या वळणावर कडेने दिसू लागतात. ड्रोन आधी तिथे न्यावा, आणि सोबत होकायंत्र घेतलेला भूवैज्ञानिकही.