नमाजात हात कुठे बांधावेत? मतभेद जुना, प्रश्न ‘सुन्नत’चा

नवी दिल्ली : नमाजासाठी उभे राहिल्यावर हात कुठे असावेत, याविषयी इस्लामी धर्मशास्त्रात एकवाक्यता नाही. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी पुरुष हनफी पद्धतीनुसार बेंबीखाली हात बांधतात, तर स्त्रिया छातीवर. कोकण, भटकळ आणि केरळच्या किनाऱ्यावरील मुस्लिम प्रामुख्याने शाफई पंथाचे असून ते छातीखाली, बेंबीच्या वर हात बांधतात. अहले हदीस अनुयायांचे हात थेट छातीवर असतात. शिया आणि दाऊदी बोहरा हात बांधतच नाहीत. ते दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले असतात.

उजवा हात डाव्या हातावर ठेवावा, याबाबत बहुतेक सुन्नी पंडितांचे एकमत आहे. सहल बिन साद यांनी कथन केलेली यासंबंधीची हदीस इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आणि बुखारींच्या संग्रहातही आढळते. वाद आहे तो हात कोठे ठेवावेत याचा. ‘बेंबीखाली’ असे सांगणारे हजरत अली यांचे वचन अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मात्र त्याच्या कथनसाखळीतील अब्दुर्रहमान बिन इसहाक यांना हदीसतज्ज्ञांनी दुर्बळ ठरविले आहे. ‘छातीवर’ हे शब्द असलेली वाइल बिन हुज्र यांची हदीस इब्न खुजैमा यांनी नोंदविली. तिच्या साखळीतील मुअम्मल बिन इस्माईल यांच्या स्मरणशक्तीवरही आक्षेप आहेत. थोडक्यात, दोन्ही बाजूंचे प्रमुख पुरावे निर्विवाद नाहीत. नवव्या शतकातील संग्राहक तिर्मिजी यांनी तर दोन्ही मते नोंदवून विद्वानांच्या लेखी या बाबतीत मोकळीक असल्याचे नमूद केले आहे.

सर्वाधिक कुतूहल निर्माण करणारी भूमिका मालिकी पंथाची आहे. हात बांधण्याची हदीस ज्यांच्या स्वतःच्या ग्रंथात आहे, त्याच इमाम मालिक (मृत्यू इ.स. 795) यांचे वेगळे मत त्यांचे शिष्य इब्नुल कासिम यांच्याकडून ‘मुदव्वना’ ग्रंथात आले आहे. त्यानुसार फर्ज, म्हणजे अनिवार्य नमाजात हात बांधणे त्यांना पसंत नव्हते; ऐच्छिक नमाजात दीर्घकाळ उभे राहावे लागल्यास मात्र हरकत नव्हती. शासकांनी केलेल्या मारहाणीमुळे मालिक यांना हात बांधता येत नसत, ही त्यामागची प्रचलित कथा. तिने शिष्यांकडून आलेल्या या मताचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. बाराव्या शतकातील कुर्तुबाचे न्यायाधीश व तत्त्ववेत्ते इब्न रुश्द यांनी दिलेले कारण अधिक पटण्याजोगे आहे. पैगंबरांच्या नमाजाचे वर्णन करणाऱ्या काही हदीसींत हात बांधण्याचा उल्लेख नाही, तर इतरत्र तसा आदेश असल्याचे सिद्ध आहे. मतभेद त्यातून उद्भवला, असे ते म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत आजही अनेक मालिकी हात सोडून नमाज पढतात. त्याच पंथातील इब्न अब्दुल बर यांनी मात्र हात बांधण्याची बाजू घेतली होती.

सुन्नी पंथांमध्ये हा प्रश्न ‘सुन्नत’चा, म्हणजे इष्ट आचाराचा आहे, नमाजाची वैधता त्यावर अवलंबून नाही. शियांच्या जाफरी धर्मशास्त्रात परिस्थिती वेगळी आहे. तेथे इमामांच्या वचनांच्या आधारे हात बांधण्यास मनाई असून अनेक पंडितांच्या मते धर्मकृत्य म्हणून ते केल्यास नमाज बाद होतो.

भारतात असे मतभेद न्यायालयात पोहोचले ते मात्र हात बांधण्यावरून नव्हे, तर त्याच्याच जोडीच्या दोन प्रश्नांवरून. एकोणिसाव्या शतकात अहले हदीस चळवळीचे अनुयायी हनफी मशिदींत मोठ्याने ‘आमीन’ म्हणू लागले, तसेच रुकूला वाकताना व त्यातून उठताना हात उंचावू लागले. त्यावरून खटके उडाले. 1885 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर आलेल्या रमजान खटल्यात मोठ्याने ‘आमीन’ म्हणणाऱ्यांवर धार्मिक जमावात व्यत्यय आणल्याचा आरोप होता. सर सय्यद अहमद खान यांचे पुत्र न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी स्वतंत्र निकालपत्रात मूळ अरबी ग्रंथ तपासून, चारही सुन्नी पंथांत ‘आमीन’ मान्य असून वाद केवळ आवाजाचा असल्याचे दाखवून दिले. 1889 मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने मशीद एका पंथापुरती मर्यादित नसल्याचे स्पष्ट केले. अट एकच, हेतू प्रामाणिक असावा, इतरांना त्रास देण्याचा नसावा. 1891 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही मोठ्याने आमीन म्हणणे व हात उंचावणे यामुळे इमाम अपात्र ठरत नाही, असा कौल दिला.

एका विचारप्रवाहातील विद्वानांतही मतभेद संपलेले नाहीत. रुकूतून उठल्यावर पुन्हा हात बांधावेत, असे सौदी अरेबियाचे मुफ्ती इब्न बाज यांचे मत होते. हदीसतज्ज्ञ अल्बानी यांनी तो नवाचार ठरविला. या मुद्द्यावरून फूट पडू नये, असे इब्न बाज यांनीच लिहून ठेवले आहे. मुंबईत हनफी इमामामागे उभा राहिलेला कोकणी शाफई आपले हात छातीखालीच बांधतो आणि दोघांचाही नमाज ग्राह्य धरला जातो.